चुलवाणासमोर तेवीस वर्षं

गुऱ्हाळावरून घरी आला की गोरक्षनाथ हात धुण्याआधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गुळानं छातीतला धूर निघून जातो, असं त्याच्या बापानं सांगितलेलं. मग तो नाक शिंकरायचा. रुमालावर काळं यायचं. त्याची बायको मनकर्णा तो रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायची. जेवढं आत गेलं तेवढं रोज बाहेर येतं, अशी तिचीही समजूत होती.

श्रीगोंद्याकडच्या त्या गुऱ्हाळावर तेवीस वर्षं तो रसाच्या काहिलीखालच्या चुलवाणात जाळ घालत होता. उसाची चिपाडं ओली असली की मालक जाळायला जुने टायर आणायचा. त्या दिवशी धूर वर जायचाच नाही, अंगाशी रेंगाळायचा.

"तोंडाला फडकं तरी बांधा," ती म्हणायची.

"लगीन व्हायचंय का माझं, तोंड झाकाया?"

कार्तिकात एकदा जेवताना त्याला शब्दच सापडेना. तांब्याकडे बोट करून नुसता "त्ये, त्ये" करत राहिला. घटकाभरानं नीट बोलायला लागला, तेव्हा दोघं त्यावर हसलीही.

पौषात एका सकाळी चपला घालता घालता तो दारातच खाली बसला. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. मनकर्णा गाडी बघायला निघाली, तर थोरली नणंद झुंबरबाई आडवी आली.

"दवाखान्यात काय करत्यात? वारं गेलंय अंगावरनं. कबुतराचं गरम रगत चोळ. आमच्या सासऱ्याचा हात हालला न्हाई का?"

कबुतर मिळेपर्यंत दहा वाजले. चोळण्यात बारा. हात हलला नाही.

नगरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. डॉक्टर मॅडमनी हातावरचं वाळलेलं रक्त पाहिलं आणि एकेक विचारायला लागल्या. विडी, तंबाखू? नाही. रक्तदाब चढलेला होता. तो आजवर कुणी मोजलाच नव्हता. काम काय, ते ऐकून मात्र त्या थांबल्या. धुरातली बारीक धूळ छातीतून रक्तात उतरते, म्हणाल्या. रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. आता मेंदूत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

"नीट बोलले ते शेवटचं किती वाजता?"

"सातला." मनकर्णानं पदर घट्ट धरला. "वाचा यील ना त्यांची?"

"आत्ताच सांगता येत नाही. सातला अगदी स्पष्ट बोलले होते?"

अजून काही करता येत असेल, या आशेनं तिनं एकेक शब्द आठवून सांगितला.

"स्पष्ट. म्हनले, नळाला पानी आलंय बघ, हंडा लाव."