अंगणाचा मालक

इद्वल बेडोझ, म्हणजे माझा नवरा, आपल्या थोरल्या भावावर जन्मभर जळला, आणि तेही मातीच्या एका ढिगाऱ्यावरून.

आमच्या वेल्सच्या सीमेवर नऊशेएक वर्षांपूर्वी नॉर्मन सरदारांनी असे ढिगारे बरेच रचले. वर लाकडी बुरूज, खाली कुंपण घातलेलं अंगण, दोन्हींच्या मध्ये खंदक. लाकूड केव्हाच कुजलं, माती तेवढी राहिली. सासऱ्यांनी वाटणी केली ती नेमकी मधल्या खंदकातून: टेकाड थोरल्या एमलिनला, अंगण इद्वलला. टेकाड लांबच्या रस्त्यावरूनही दिसतं. अंगण म्हणजे गुडघाभर बांध आणि आत आमच्या मेंढ्या.

रविवारी लोक टेकाड बघायला येत. एमलिन त्यांना वर नेई, जाऊबाई चहा देत. इद्वल आमच्या फाटकाशी टपून असे.

"अहो, वर काय बघता? सरदार तिथे जायचा तो हल्ला झाला की, जीव मुठीत धरून! जेवणं, घोडे, लोहार, सगळा संसार इथे होता, माझ्या कुरणात!"

लोक मान डोलवत आणि टेकाडाचा फोटो काढून निघून जात. पुढे आठवडाभर तो माझं डोकं खाई. टेकाडावर पाय ठेवणार नाही अशी शपथच घेतली होती त्यानं. आमची मेंढी वर चढली की आणायला जायचं मी!

गेल्या कोरड्या उन्हाळ्यात अशीच एक मेंढी आणायला गेले. एमलिन वर काठी घेऊन बसला होता. मी सहज खाली बघितलं आणि थबकले. वाळक्या गवतात रेषा उमटल्या होत्या. जमिनीखाली दगडी पाये होते आणि त्यांच्यावरचं गवत आधी करपलं होतं. खोल्या, चूल, फाटक, सगळं स्पष्ट.

"इद्वल, वर ये! तुझं अंगण दिसतंय!"

"मला तर नुसतं गवत दिसतंय."

"म्हणून तर वर ये म्हणते, गाढवा!"

खंदकाशी बराच घुटमळला, पण शेवटी चढला. धापा टाकत किती तरी वेळ बघत राहिला. मग भावाकडे वळला.

"तुला माहीत होतं हे?"

"दर कोरड्या उन्हाळ्यात दिसतं."

"आणि मला बोलला नाहीस?"

एमलिन काठीनं माती उकरत राहिला. "बोललो असतो, तर माझ्या ढिगाऱ्याकडे कोण बघणार होतं?"

आता हे दोघे हातघाईवर येणार म्हणून मी मध्ये सरकले. पण इद्वलचा चेहरा असा उजळला, जसा आमच्या लग्नातही उजळला नव्हता. तो भावाला खेटून बसला.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.