चाळीस पावलांचा मुराळी

चिपळूणहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "नगरला? म्हणजे शिर्डीला ना?" मी म्हटलं, "नाही, पोटनिवडणूक बघायला." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि घराची किल्ली त्यांच्याकडेच ठेवून जायला सांगितलं. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या बाईने निवृत्तीनंतर काशीला जावं, निदान महाबळेश्वरला तरी. पण माझी शाळेतली मैत्रीण नलू पाथर्डीच्या पुढे तांबडवाडी नावाच्या गावात शिक्षिका म्हणून गेली आणि तिथलीच होऊन राहिली. तिचा फोन आला होता. तिथले आमदार वारले होते, रिकाम्या जागेसाठी मतदान लागलं होतं. "जत्रेपेक्षा मजा आहे, ये," असं तिने म्हटल्यावर मी कुठली राहते!

पुणेमार्गे नगरला पोचले, एका लॉजवर मुक्काम केला आणि मतदानाच्या दिवशी सकाळी स्टँडवर हजर झाले. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टरच्या तोंडात मात्र नगरच. थंडी अशी की आम्हा कोकणातल्यांचे दात वाजावेत. बऱ्याच गाड्या मतदानाच्या कामाला गेल्यामुळे पाथर्डीच्या फलाटावर गर्दी होती. मी पिशवीवरच बसकण मारली. शेजारी तिशीतली एक बाई उभी होती. इस्त्रीची साडी, हातात स्टीलचा डबा, आणि दर दोन मिनिटांनी ती मोबाईल काढून एकच फोटो बघत होती. मी डोकावले. पोस्टातली सवय, जात नाही.

"व्होटिंगची चिठ्ठी हाय," ती आपणहून म्हणाली. "माझी. माहेरची."

तिचं नाव संगीता. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळे संसार तिथेच. मतदारयादीत नाव मात्र लग्नाआधीचं, तांबडवाडीचं. माझंही तिकीट तिथलंच म्हटल्यावर ती एकदम मोकळी झाली. गाडीत आम्ही शेजारी बसलो, आणि करंजीचा घाट चढेपर्यंत मला सगळी हकिकत कळली होती.

सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाचं, भारतचं, लग्न झालं. व्याही, मामे, पुढारी, सगळ्यांना मानाचे फेटे बांधले. घाईगर्दीत घरच्या जावयाचाच फेटा राहिला. जावई न जेवता मांडवातून उठले. "आमचे ह्ये म्हनले, जिथं मला मान न्हाई तिथं तू जायचं न्हाई. भाऊ म्हनला, एवढ्या तेवढ्यावरनं रुसनारा दाजी मला नको. मी मधीच." आई दोनदा येऊन भेटून गेली, पण गुडघे गेल्यापासून तीही येत नाही.

"मग आज कशा निघालात?"

"ह्ये म्हनले, व्होट दे आनि माघारी ये. घरात पाय ठेवू नको." तिने डबा मांडीवर घट्ट धरला. "तसंबी मुराळ्याबिगर कसं जायचं?" मुराळी म्हणजे सासरहून लेकीला न्यायला येणारा माहेरचा माणूस, बहुधा भाऊच. तो आल्याशिवाय लेकीने आपणहून माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिकडची रीत. "दोन्ही पार्ट्यांच्या जीपा आल्त्या न्यायला. मी म्हनलं, पार्टीचा मुराळी नको मला. म्हनून यष्टीनं निघाले. यादीतलं नावबी आता कमी करनार म्हनत्यात, हितं ऱ्हात न्हाई म्हनून. सहा वर्सांत माझं तेवढंच ऱ्हायलंय माहेरात."

खरं सांगते, मला माझा भाऊ आठवला. तो गुहागरला असतो. बांधावरच्या एका फणसावरून आम्ही चार वर्षं बोललेलो नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर मुलूख कोरडा, पण नजर लांबवर पोचणारा. बाभळी, काळे दगड, मध्येच ज्वारीचे हिरवे तुकडे. वस्त्यांवर बऱ्याच घरांना कुलपं. इथली माणसं हिवाळ्यात ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आम्हाला डोंगराशिवाय आभाळ बघायची सवय नाही; इथे ते चारही बाजूंनी जमिनीला टेकलेलं. मला ते फार आवडलं.

गप्पांच्या नादात आम्ही एक फाटा आधीच उतरलो. चूक माझी. मी पाटी अर्धीच वाचली आणि आत्मविश्वासाने उठले; सहा वर्षांनी येणारी संगीताही बोलत बोलत माझ्यामागे उतरली. गाडी गेली, धुरळा खाली बसला आणि समोर तीन किलोमीटर मोकळा रस्ता. पंधरा मिनिटं चाललो असू, तेवढ्यात मागून माणसांनी भरलेला एक टेम्पो आला. ड्रायव्हरने थांबून विचारलं, तर संगीताचा पहिला प्रश्न, "कुनाचा टेम्पो हाय?"

"मुकादमाचा. तोडीवरून आलोय, व्होट देऊन रात्री माघारी."

"पार्टीचा न्हाई ना?"

"न्हाई वो बाई, बसा आता!"

आत सात कोयते होते. तिकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, तोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. एका बाईने सरकून मला जागा दिली आणि उसाचं कांडं हातात ठेवलं. माझ्या दाढा त्या लायकीच्या राहिलेल्या नाहीत, पण नाही म्हणवेना.

तांबडवाडीत शिरल्याबरोबर नलू सामोरी आली. अजून तशीच, बोलताना हात उडवणारी. शाळेपासून ठरलेल्या अंतरावर पांढरी रेघ मारलेली, तिच्या अलीकडे दोन्ही उमेदवारांची टेबलं. माणसं एका टेबलावर चिठ्ठी घेत होती आणि चहा दुसऱ्याच टेबलाजवळ पीत होती. शाळेच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की संगीताचं माहेर. ओट्यावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी पाय पसरून बसली होती. संगीताने तिकडे एकदाच पाहिलं, पदर सारखा केला आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. नलूचंही मत राहिलं होतं, ती तिच्या मागे लागली. मला आत जाता येत नव्हतं. मी फाटकाबाहेर लिंबाखाली उभी. पुढचं नलूने सांगितलेलं, आणि नंतर सबंध गावाने.

आत एका बाकावर दोन्ही उमेदवारांचे एजंट. एक बबन, दुसरा खुद्द भारत. अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचलं. भारतने मान वर केली आणि पुन्हा कागदात घातली. बबन मात्र उठलाच. "आक्षेप आहे साहेब. ही बाई हितं ऱ्हात न्हाई. कार्डावरचा फोटोबी जुळंना." फोटो अठराव्या वर्षीचा, काटकुळ्या पोरीचा. समोर उभी दोन लेकरांची आई. केंद्राध्यक्ष बिचारे बाहेरगावचे. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि विचारलं, "हिला ओळखणारं कोणी आहे का इथे?"

नलू म्हणाली, "मी तोंड उघडणारच होते गं. पण मुद्दाम मिटून घेतलं."

संगीता खाली बघत उभी. भारतने कागद बाजूला ठेवला.

"मी ओळखतो. बहीण हाय माझी."

"खात्रीने सांगता?"

"खात्रीनं म्हंजे? तिच्या डाव्या भुवईवर खूण हाय बघा. माझ्या विटीची हाय ती. त्यापायी वडलांनी मला दोन दिवस घरात कोंडला हुता."

साहेबांनी भुवई बघितली, बबनने बघितली, मग खोलीतल्या बाकी मंडळींनीही बघून घेतली. आक्षेप फेटाळला गेला. संगीताच्या बोटाला शाई लागली, आणि नलू म्हणते, बटण दाबताना ती डोळे पुसत होती, त्यामुळे नेमकं कोणतं दाबलं ते तिचं तिलाच ठाऊक.

ती बाहेर आली आणि शाळेच्या फाटकाशीच थांबली. समोर आई. मध्ये फक्त रस्ता. मी मनात मोजली, चाळीस पावलं असतील. म्हातारी भिंतीला धरून उठायला बघत होती. मला वाटलं, जा गं बाई, कोण बघतंय! पण सगळं गावच बघत होतं.

एवढ्यात आपल्या जागी दुसरा एजंट बसवून भारत बाहेर आला. बहिणीसमोर उभा राहिला. "चल की घरी."

"मुराळी कुटंय?"

"मी काय आलोय मग?"

"मुराळी काय चालत येतो व्हय?" सहा वर्षांचा राग तिने या एका वाक्यात बसवला.

भारत तडक रस्ता ओलांडून घरी गेला. दोन मिनिटांनी बाहेर आला तो डोक्यावर टोपी घालून, मोटारसायकलवर बसून. फाटकावरचा पोलीस ओरडला, "इथे गाडी लावू नका!"

"लावत न्हाई साहेब. बहिनीला न्यायला आलोय."

संगीता एका अंगाने मागे बसली, मांडीवर डबा. आणि भारतने गाडी घराकडे वळवलीच नाही. चाळीस पावलं नेणाऱ्याला कोणी मुराळी म्हणेल का? तो दोन्ही टेबलांवरून, मारुतीच्या देवळाला वळसा घालून, वेशीपर्यंत जाऊन अख्खं गाव फिरून आला. रांगेतली माणसं हसत होती, तोडीवरच्या बायकांनी तर टाळ्या वाजवल्या. दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, गुडघ्यांचं तिला भानच नव्हतं. मी रडले. उगाच का खोटं सांगू?

मग आम्हालाही जेवायला ओढून नेलं. आमच्या कुळथाला तिकडे हुलगा म्हणतात, त्याच्या पिठाची शेंगोळी (लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली वळकुटं) आणि बाजरीची भाकरी. संगीताच्या डब्यात आईसाठी केलेले मऊ लाडू निघाले. न भेटता परतायचं ठरवून आलेल्या बाईने ते कोणत्या आशेने वळले असतील? दुपारी बबनही सुटी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "मी आक्षेप घेतला म्हनून बहीन आली. मला वाढा आदी!" भारतच्या बायकोने त्याला खरोखरच सगळ्यांत आधी वाढलं.

"मत कुनाला दिलं गं?" भारतने हळूच विचारलं.

"गुपित असतं ते," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर भारतने फोन लावला. ओट्यावर सगळ्यांनी कान टवकारले. "दाजी, भारत बोलतोय. तुमचा फेटा बांधायचा ऱ्हायलाय. तवा चुकलंच माझं. कधी येताय?" मग भारतचा चेहरा सैलावला. "सुट्टी टाकतो म्हनले."

दुसऱ्या दिवशी नलूच्या शेतात आगटी (हुरडा भाजायची शेकोटी) पेटवली. ज्वारीचे कोवळे, गरम दाणे चटणीशी खाल्ले, बोटं काळी करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी मी परतीची गाडी धरली.

घरी पोचल्यावर आठवड्याभराने नलूचा फोन आला. भारतचा उमेदवार पडला. तरी भारत गावभर सांगत फिरतोय म्हणे, "शीट गेली, पन दाजी आला." तिने फोटोही पाठवला. गुलाबी फेट्यातले संगीताचे यजमान, फेटा कपाळावर जरा जास्तच उतरलेला, कारण तो भारतने स्वतः बांधलाय. शेजारी संगीता, शाईचं बोट मुद्दाम पुढे धरून.

तो फोटो मी दोन दिवस बघत होते. आमच्या गुहागरात पोटनिवडणूक काही लागलेली नाही, आणि मला ओळखता का, असं माझ्या भावाला विचारायला कुठलाही केंद्राध्यक्ष येणार नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन लावला.

"कोण?" तो म्हणाला.

"मी. मुराळी पाठव."

मग तो म्हणाला, "रिक्षाने आलो तर चालेल का गं?"

शेजारच्या काकूंकडे आता मी पुन्हा किल्ली ठेवायला चालले आहे.