लाल पेन्सिलची खूण

आमच्या वहिनींच्या जिभेला एकेकाळी अशी धार होती, की गल्लीतली कुत्रीसुद्धा दुकानासमोरून शेपूट घालून जायची. हे मी कौतुकाने सांगतोय. मी बसचा कंडक्टर होतो, पस्तीस वर्षं गर्दीवर ओरडलोय, मला ओरडण्यातलं कळतं. वहिनींचं ओरडणं अव्वल दर्जाचं. त्यात शिवी नसायची, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, त्यापेक्षा शिवी परवडली.

आणि या बाईने सहा वर्षं कुणापुढे ब्र काढला नाही. लोक म्हणायचे, नवरा गेल्यावर किती शांत झाली हो! शांत कसली डोंबलाची. भ्यायल्या होत्या त्या. कशाला, ते फक्त मला ठाऊक होतं.

दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, स्पीकर, माइक, गिटार, जे जे वाजतं आणि वाजायचं थांबतं ते सगळं तिथे यायचं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वायर आणि सुतळी यांतला फरक कळत नव्हता, असं दादा म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, नवरा आणि खांब यांतला फरक तरी कुठे कळत होता. पण दोन वर्षांत त्या अशा तयार झाल्या, की बारीक सोल्डरचं काम दादा त्यांच्याकडेच सरकवायचा.

दुकानात एक नियम होता. कशालाही भोक पाडायच्या आधी दादा पेन्सिलने फुली मारायचा आणि हाक द्यायचा, "अगं, बघ गं, बरोबर आहे का?" वहिनी हातातलं टाकून यायच्या, पट्टी लावून मोजायच्या आणि फुलीशेजारी लाल पेन्सिलने बरोबरची खूण करायच्या. मगच ड्रिल चालायचं. काम संपलं की दादा कुठेतरी आतल्या बाजूला तारीख टाकायचा. तीस वर्षांत या नियमाला सुट्टी नव्हती. मी हसायचो त्यांना. भोक पाडताय की मुहूर्त काढताय, म्हणायचो.

आता त्या बारा तारखेचं सांगतो. वहिनींनी अख्खी दुपार बसून काचेच्या बरणीत स्क्रू भरले होते, आकाराप्रमाणे कागदात गुंडाळून. दादाने ती बरणी फळीवर ठेवायला उचलली आणि त्याच्या हातून सुटली. काच, कागद, स्क्रू, सगळं दुकानभर. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. वहिनी कडाडल्या, "अहो, हाताला लकवा भरलाय का तुमच्या?"

दादा खाली बसून तुकडे गोळा करायला लागला.

तीन दिवसांनी, पंधरा तारखेला सकाळी, दादा अंथरुणातून उठायला गेला आणि उजव्या अंगावर कोसळला. लकवा. वाचाही गेली. हॉस्पिटलात अकरा दिवस होता. वहिनी त्याचा तो उजवा हात दोन्ही हातांत धरून बसायच्या आणि चोळत राहायच्या. बाराव्या दिवशी सकाळी नर्सने येऊन तो हात त्यांच्या हातांतून सोडवून घेतला.

आमची आई सांगायची, घरात वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. लहानपणी आम्ही त्यावर खिदळायचो. वहिनींनी मात्र ते मनाशी धरलं. एकदाच माझ्याशी बोलल्या, "भाऊजी, मीच म्हटलं होतं. माझ्या तोंडून निघालं आणि झालं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"फांदी मोडली ना पण?"

पुढे तो विषय निघाला नाही. पण त्या दिवसापासून वहिनी तोंडात शब्द धरून ठेवायला लागल्या. गिऱ्हाईक खोटं बोललं तरी "असू दे." चहावाल्या पोराने गरम चहा अंगावर सांडला तरी "असू दे, असू दे," आणि चेहरा पांढराफटक. मेलेल्या रेडिओला "मेला" म्हणायच्या नाहीत, "बोलेल हळूहळू" म्हणायच्या. दुकान त्यांनी एकटीने चालवलं, उत्तम चालवलं. दादाच्या स्टुलावर कुणी बसत नसे. आणि प्रत्येक भोकाआधी त्या फुली मारायच्या, लाल खूण करायच्या, आणि ड्रिल हातात घेऊन मान जराशी कलती करून थांबायच्या. हाक ऐकू येणाऱ्या माणसासारख्या. मला ते बघवायचं नाही. मी त्या वेळी पेपर तोंडासमोर धरायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी आमचा टपालवाला आला. पत्रांच्या पिशवीशिवाय, पाठीवर गिटार घेऊन. हा रविवारी चार दोस्तांबरोबर वाजवतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मावशी, एवढा स्विच हलवून द्या," तो म्हणाला. "आवाज बंद करायचा स्विच आहे. पण कुठे बसवलाय बघा! तारांच्या अगदी खाली. जरा जोरात वाजवलं की हात त्यावर आपटतो, आणि ऐन गाण्यात गिटार मुकी. मी आपला तोंड उघडं टाकून उभा. लोक हसतात हो."

वहिनींनी गिटार हातात घेतली. लाल रंगाची, समोर पांढऱ्या प्लास्टिकची मोठी प्लेट. त्यांचा चेहरा बदलला.

"कुणाकडून घेतली?"

"लग्नात वाजवायचा तो एक, जाडा, दाढीवाला. गाव सोडून चालला होता. हा स्विच त्याने बसवून घेतलेला. म्हणाला, चूक लक्षात आली म्हणून आठ दिवसांनी भांडायला गेलो, तर दुकान बंद. मालक हॉस्पिटलात. मग मालक गेलाच. मेलेल्या माणसाची काय तक्रार करायची, म्हणून स्विचवर चिकटपट्टी लावून वाजवत राहिला बिचारा. कोण असला आंधळा कारागीर होता कुणास ठाऊक!"

मी खाकरलो. टपालवाल्याने माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे बघितलं, आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हे होणं शक्य नाही. या गिटारची फुली मी मोजलेली आहे. बटणांच्या ओळीत, कडेला होती. मला पक्कं आठवतंय. दुसऱ्या कुणीतरी नंतर उद्योग केलेत."

सहा वर्षांत त्या एवढं ठाम कुणाशी बोलल्या नव्हत्या. टपालवाला म्हणाला, "असेल, असेल. उद्या येतो." आणि सटकला.

वहिनींनी तारा सैल केल्या, प्लेटचे स्क्रू काढले. हात भराभर चालत होता. दादाच्या कामाला नाव ठेवलेलं त्यांना कधीच खपलं नाही, आणि आता तर त्या पुराव्यासकट दाखवणार होत्या. त्यांनी प्लेट उचलून उलटी केली आणि टेबलावर ठेवली.

मी उठून पाहिलं. फुली होती. अगदी वहिनी म्हणाल्या तिथेच, बटणांच्या ओळीत, कडेला. शेजारी लाल पेन्सिलची खूण. आणि भोक तिथे नव्हतंच. फुलीभोवती ड्रिलच्या टोकाचे चार-पाच खड्डे होते, एक इकडे, एक तिकडे, आणि शेवटच्या खड्ड्यापासून एक वाकडा ओरखडा निघून दोन बोटं लांब गेला होता. तो जिथे थांबला, तिथे भोक पडलं होतं. दादाने तिथेच स्विच बसवून प्लेट बंद केली होती.

खाली कोपऱ्यात तारीख होती. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी, आणि सगळी उलट्या बाजूला कललेली.

वहिनींनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हे डाव्या हाताने लिहिलंय," त्या म्हणाल्या. "भाऊजी, वाचा. किती तारीख आहे?"

"नऊ."

"नऊच ना?"

"नऊच आहे, वहिनी."

"मी बाराला बोलले."

मला एकदम उजाडलं. दादाचा हात नऊ तारखेलाच गेला होता. वहिनींच्या तोंडून तो शब्द निघायच्या तीन दिवस आधी. वास्तूबिस्तू काही नाही, कुणी तथास्तु म्हटलं नव्हतं. मी इतका खुश झालो की टेबलावर थाप मारली. "बघा! मी सांगत होतो ना? तुमच्या बोलण्याने काहीही झालेलं नाही! सुटलात तुम्ही, वहिनी!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा हात टेबलावरच राहिला.

"म्हणजे मी लकवा म्हणाले, तेव्हा त्यांना आधीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांपासून माहीत होतं. डाव्या हाताने जेवत होते. म्हणाले, बोट भाजलंय. मी मलम लावलं, भाऊजी. चांगल्या बोटाला मलम लावलं."

दुकानात कुठलातरी स्पीकर बारीक आवाजात घूं करत होता. वहिनींनी उठून तो बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"तुम्ही होतात ना इथे, बरणी फुटली तेव्हा? मी तर पाठ फिरवून आत निघून गेले. त्यांनी तुकडे कुठल्या हाताने उचलले?"

आता खरं सांगतो, क्षणभर वाटलं थाप मारावी. आठवत नाही म्हणावं, सहा वर्षं झाली. पण मला आठवत होतं. मला बरणीपेक्षा तेच जास्त आठवत होतं. दादाचा उजवा हात मांडीवर पडलेला होता आणि तो डाव्या हाताने काचा गोळा करत होता, आणि मी स्टुलावरून हसून म्हणालो होतो, "काय रे दादा, डावरा कधीपासून झालास?" तो माझ्याकडे बघून हसला होता. ते हसणं तोंडाच्या एकाच बाजूला होतं. मी ते सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही. वहिनी एका वाक्यापायी झुरताना मी रोज समोर बसून पेपर वाचत होतो.

"डाव्या," मी म्हणालो. आणि बाकीचंही सगळं सांगितलं, हसण्यासकट.

वहिनी उभ्या राहिल्या.

"आणि तुमचे डोळे फुटले होते का?" त्या अशा कडाडल्या की समोरचा शिंपी दारात आला. "बसून राहिलात नुसते स्टुलावर! माणूस डाव्या हाताने काचा वेचतोय, तोंड वाकडं झालंय, आणि यांना विनोद सुचतोय! जीभ झडली होती का मला हाक मारायला? आणि तुम्ही हो!" त्या भिंतीकडे वळल्या. "तोंड होतं ना? मी बघितलं असतं ना? जन्मभर फुली बघ, फुली बघ, आणि हात दाखवायची लाज वाटली? उचलून नेलं असतं मी तुम्हाला डॉक्टरकडे, खांद्यावर टाकून नेलं असतं!"

मग त्या फोटोखाली जमिनीवरच बसल्या आणि मोठ्याने रडल्या. दादा गेला तेव्हाही इतक्या रडल्या नव्हत्या. मी मान खाली घालून उभा होतो. मला ते बोलणं लागलं, पुरेपूर लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

अर्ध्या तासाने त्यांनी तोंड धुतलं आणि ड्रिल काढलं. नवी प्लेट कापता आली असती, पण त्यांनी तीच घेतली. फुली पुसट झाली होती, ती पुन्हा गिरवली. लाल खुणेला हात लावला नाही. ड्रिल हातात घेऊन, मान कलती करून, नेहमीसारख्या थांबल्या. मी पेपर शोधायला लागलो.

"तो पेपर ठेवा," वहिनी म्हणाल्या. "आणि इकडे या. बघा, बरोबर आहे का?"

मी चष्मा पुसला. पट्टी लावून दोनदा मोजलं, कडेपासून आणि बटणापासून. मग म्हणालो, "ठीक आहे."

त्यांनी भोक पाडलं. जुनं भोक पांढऱ्या प्लास्टिकची चकती चिकटवून बुजवलं, तरी रंगात फरक दिसतोच. दुसऱ्या दिवशी टपालवाल्याने दुकानातच गिटार जोरजोरात वाजवून बघितली. आवाज कुठेही तुटला नाही. हात त्या चकतीवरून जायचा, तेव्हा वहिनी दर वेळी दचकत होत्या. अजूनही तो गल्लीतून वाजवत गेला की दचकतात.

आता त्या मला रोज ओरडतात. दादाच्या स्टुलावर मलाच बसवलंय, सगळ्या फुल्या मीच बघतो. रात्री कधीतरी ते एका बाजूचं हसणं डोळ्यांसमोर येतं, मग झोप येत नाही.

मागच्या सोमवारी फळीवरून काढताना स्क्रूंची बरणी माझ्या हातून निसटली. माझ्या हाताला घाम होता, बाकी काही नव्हतं, हे डॉक्टरनेही नंतर सांगितलं. पण ती फुटली तेव्हा मी तुकडे उचलायला वाकलो नाही. आधी वहिनींना हाक मारली.