सुगंधाचा हिरवा चुडा

मुलुंडच्या एका धर्मादाय इस्पितळात सुगंधा पालव आया होती, पण सिस्टरसुद्धा तिला मावशी म्हणायच्या. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तशी ही बाई पदर खोचून उभी राहिली आणि घर ओढलं. असली माणसं देवाच्या डोळ्यांत खुपतात की काय, कोण जाणे!

नवरा दत्ताराम पुढे वॉचमन झाला. उभं राहून राहून पाय सुजला, आणि शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून छातीत गेली की खेळ खलास. त्याच इस्पितळात डॉक्टर मार्तंड रक्त पातळ करायच्या औषधावर संशोधन करत होते. इंजेक्शनं टोचण्याऐवजी सलाईनमधून थेंब थेंब औषध दिलं, तर गुठळीची वाढ जास्त लवकर थांबते का, ते बघायचं होतं. सुगंधाने हातापाया पडून नवऱ्याला त्यात घ्यायला लावलं.

"डोळ्यांसमोर राहतील, साहेब. मी बघीन सगळं."

सासू रुक्मिणी भांडुपच्या चाळीतून लेकाला बघायला आली आणि जाताना सुनेला बजावून गेली, "घोव खाटीर पडलोहा. हातातलो चुडो काढूक नको हां!"

इकडे मेट्रनचा नियम, वॉर्डात हातात काही नको. सुगंधाने दोघींचं मन राखलं. बांगड्या जातील तितक्या वर सारल्या, वाजू नयेत म्हणून त्यांच्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि वरून लांब बाही ओढली. हात धुतले की पट्टी भिजायची. ती सोडून वाळवायला कुणाला सवड होती? तशाच हातांनी ती सुई टोचलेली जागा पुसून नवी पट्टी बांधायची. नवऱ्याची सगळ्यांत आधी, अगदी मायेने.

मग एकेक पेशंट तापाने फणफणू लागला. सुईच्या जागी पू. दोन माणसं गेली, आणि तिसरा ताप दत्तारामला भरला. सुगंधाच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरांनी शोध सुरू केला. औषधाच्या बाटल्या, नळ, साबण, सगळ्यांची बोटं कापसाच्या काड्यांनी पुसली आणि त्या काड्या लॅबमध्ये धाडल्या.

"शोधाच, साहेब," हात पुढे करत सुगंधा कडाडली. "ज्या मेल्याने ही घाण आणली, त्याचे हात झडोत!"

बोलता बोलता बाहीतून थेंब ओघळून तिच्या तळव्यावर आला. डॉक्टरांनी बाही वर केली.

"हे काय?"

"चुडा, साहेब. नवरा आजारी आहे ना."

चुड्यावरची ती ओली पट्टीही लॅबमध्ये गेली. निकाल आला. पट्टीतले जंतू आणि पेशंटांच्या पुवातले जंतू एकच. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "हे सगळ्यांच्या रक्तात तूच घातलंस. नवऱ्याच्यासुद्धा. माझ्या कामाची वाट लागली ती वेगळीच."

ती मोरीकडे धावली. दोन्ही हात कठड्यावर आपटले. काचा मनगटात घुसल्या, तरी ती कातडी सोलेपर्यंत साबण घासत राहिली. मग नवऱ्याच्या खाटेशी जाऊन म्हणाली, "आता हात स्वच्छ आहेत हो. आता बरं वाटेल."

तापाने तांबारलेल्या डोळ्यांनी दत्तारामने तिची मनगटं बघितली. "चुडो खंय गो? मी मेलंय काय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला.

चाळीत बायका तिचा चुडा वाढवायला जमल्या, तर हात आधीच उघडे, त्यावर ओल्या जखमा. रुक्मिणीने छाती बडवून घेतली. "जित्या घोवाचो चुडो फोडल्यान! माझ्या झिलाक खाल्ल्यान गो!"

बायका सुगंधापासून मागे सरकल्या. चुडा फोडला म्हणून नाही, जपला म्हणून गेले, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण लेकाच्या हाताला रोज मरण कुणी लावलं, हे त्या म्हातारीला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तो चुडा जपायला सांगितला कुणी?

तिने मान खाली घातली. "होय, आये. मियांच खाल्लंय."