सातशेच्या आत गप्प

शेलूबाजारच्या हायवेवर टर्बोची जीप चालवणारा आणि अनुपला न ओळखणारा माणूस दाखवा, चहा माझ्याकडून. गाडी चढावर दमते अशी तक्रार घेऊन लोक त्याच्याकडे येतात. तो लॅपटॉप जोडून इंजिनाला थोडं जास्त डिझेल मिळेल असं करतो आणि तीच गाडी पळायला लागते. पण जास्त डिझेल म्हणजे जास्त आग. इंजिनातून निघणारा धूर हद्दीबाहेर तापला की आतला पिस्टन वितळतो, टर्बोचा पंखाही जातो, मग मालक दारात येऊन बोंबलतो. म्हणून अनुप टर्बोच्या अलीकडे धुराच्या नळीला भोक पाडून तापमानाची कांडी बसवतो, समोरच्या काचेजवळ मीटर ठेवतो, मागे वाळूची पोती भरतो आणि गाडी मेडशीच्या घाटात चढवून पाहतो. रस्ताही पाहायचा आणि मीटरही, हे एकट्याचं काम नव्हे. शेजारी मीटर वाचणारं कोणीतरी लागतं. त्याला अनुपचा नियम एकच: सातशे डिग्रीच्या आत गप्प बसायचं, वर गेलं की बोलायचं. बोललं की तो पाय काढून घेतो.

शाळेला सुट्टी असली की हे काम त्याची पोरगी धम्मदीपा करायची. दोन वर्षांमागे ती तापाने गेली. ही गोष्ट मात्र तिच्या आईची, ज्योत्स्नाची.

ज्योत्स्ना रडली नाही. पोरीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिने आल्यागेल्याला वाढलं, भांडी मोजून परत केली, भंतेजींना गाडीपर्यंत सोडून आली. बाया कुजबुजल्या, "छातीची लय कठीण हाय बाप्पा." घ्या! लोकांचं तोंड कोण धरणार? रडायला पाहिजे हे तिलाही कळत होतं. मोरीत नळ सोडून ती रडू येण्याची वाट पाहत उभी राहायची. बादली भरून वाहायला लागायची, मग ती नळ बंद करून बाहेर यायची.

तेव्हापासून असंच चाललं होतं. जेवायची, पण मीठ जास्त पडलंय की पडलंच नाही हे दुसऱ्याने सांगावं लागायचं. लग्नात गेली तर अक्षता टाकायची, मयतीत गेली तर हात जोडायची, दोन्हीकडे चेहरा तोच. कोणी विचारलं तर "बरं हाय" म्हणायची. अनुप तर विचारतच नसे. बोलत नाही म्हणजे सावरली, असं त्याने धरलं होतं. माणूस देवासारखा, पण गाडीतला नियम घरात आणून बसला होता.

त्याची आई विमलबाई मात्र एक दिवस तडकली. "अरे, ते भिताडासारखी झाली. तिले बाहीर काढ जरा. तुया गाडीत तरी बसव."

अनुपला ते पटलं. मोहनसिंगची जीप घाटात न्यायचीच होती. मोहनसिंग धनजचा, सवाऱ्या वाहणारा, गाडीला जिवापाड जपणारा. अनुपने ज्योत्स्नाला म्हटलं, "चाल वं माह्यासंग. मीटर वाचाचं हाय. सातशेच्या वर गेलं की सांगजो, बस." ती हो म्हणाली. तिला कुठे नाही म्हणायचं होतं?

सकाळच्या उन्हात ते निघाले. मालेगाव मागे पडलं. अनुप सारखा तिच्याकडे बघत होता. दोन वर्षांत ही एवढ्या लांब पहिल्यांदाच आली, काहीतरी बोलेल, निदान उन्हाला शिव्या घालील, एवढीच त्याची आशा. ती मीटरकडे बघत होती. चारशे. साडेचारशे. चढ सुरू झाला आणि आकडे भराभर वाढायला लागले. सहाशे ऐंशी. सातशे दहा.

आता सांगायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जीभ होती, शब्दही होता. पण बोलावं असं आतून काही हललंच नाही. सातशे साठ झाले. गाडी झकास ओढत होती. बायको गप्प आहे म्हणजे सगळं आत आहे, म्हणून अनुपने पाय आणखी दाबला. आठशे. आठशे चाळीस. दूरच्या जत्रेतला पाळणा फिरताना बघावा तशी ती आकडा बघत राहिली.

मग इंजिनात ठकठक सुरू झाली, मागे धुराचा लोट उठला आणि गाडी हिसके देत थांबली. अनुपने उतरून चाकांमागे दगड लावले. परत येऊन त्याने मीटरकडे बघितलं. आकडा अजून सातशेच्या खाली आला नव्हता. काय झालं ते त्याला कळलं.

तो ओरडला नाही. त्याने मोहनसिंगला फोन लावला. "मोहनसिंगभाऊ, गाडी बसली. माही चूक झाली, माहं ध्यान नोयतं. इंजिन मीच करून देतो."

ज्योत्स्नाने हात पुढे करून फोन घेतला. "दादा, त्यायची चूक नाही. मले वाचाले बसवलं होतं. मी पाह्यलं अन् बोलली नाही." एवढं सांगून तिने फोन परत दिला. दोन वर्षांत "बरं हाय"च्या पलीकडे गेलेलं तिचं हे पहिलंच बोलणं.

अनुप रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. तीही शेजारी बसली. वरून ट्रक जात होते.

"काहून नाही बोलली?" त्याने हळूच विचारलं.

"मले काही वाटलंच नाही. गाडी जळन, आपण दरीत जाऊ, काईच नाही वाटलं."

"मी पुसाले पाह्यजे होतं तुले. घरी."

"पुसलं असतं तरी बरं हाय म्हनलं असतं."

"मंग आता पुसतो. कसं हाय?"

"बरं नाही," ती म्हणाली. "रडू येत नाही. अन् आता तिची आठवण बी येत नाही. डोये मिटले तं चेहरा दिसत नाही. त्याचंच भेव वाटते मले."

अनुपने तोंडावर रुमाल धरला. त्याचे खांदे हलायला लागले. त्याच्या पाठीवर हात ठेवावा, हे ज्योत्स्नाला समजत होतं. हात उचलला जात नव्हता. ती तशीच थोडी सरकून त्याला टेकून बसली.

"तुमच्या गाडीत मी कधी आली नाही," ती म्हणाली. "मीटरपाशी बसून काय बोलायची आपली पोट्टी?"

अनुपने डोळे पुसले. "गप्प कुठं बसे पोट्टी? अडीचशेपासूनच ओरडे."

"सांगा," ज्योत्स्ना म्हणाली. मोहनसिंग ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत तो सांगत राहिला आणि मध्ये थांबला की ती पुन्हा म्हणे, "सांगा."