पहाटे वाजलेली बेल

मेस्तावेतच्या बेलेवरचं नाव मी लिहिलं होतं. फ्रँकफुर्टमध्ये इमारतीच्या दाराशी बेलांची रांग असते आणि प्रत्येक बेलेपुढे आडनाव. नाव नसेल तर टपाल आल्या पावली परत जातं आणि पाहुणा रस्त्यावर उभा राहतो. आता आम्हा हाबेशा, म्हणजे इथिओपियाच्या लोकांना आडनाव कुठलं? आपलं नाव आणि मागे बापाचं, झालं. पण जर्मन माणसाला रकाना रिकामा दिसला की घास उतरत नाही, म्हणून बापाचं नाव तिथे बसतं. गिनहाइमच्या वसतिगृहात ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या गिचमिड अक्षरात ‘गिझाचेव’ लिहून चिठ्ठी चिकटवली. तिनं त्याचा फोटो काढून बापाला पाठवला.

“बाबा म्हणतायत, आयुष्यभर बस चालवली, घर कधी माझ्या नावावर झालं नाही. जर्मनीत बेल तरी झाली,” असं ती मला हसत हसत सांगत होती. त्या दिवशी गिझाचेव जिवंत होता.

मुलगी एकोणीस वर्षांची, देब्रे बिरहानची, उंच, आणि गणितात इतकी हुशार की माझं डोकं गरगरायचं. गिझाचेव देब्रे बिरहानहून देस्येला जाणारी बस चालवायचा. वाटेत तर्माबेरचा घाट लागतो. तिथल्या धुक्याला आणि वळणांना शिव्या देत त्यानं जन्म काढला, आणि लेकीला एकच सांगितलं, की रस्ते बांधायला शिकून ये आणि हा घाट सरळ कर. त्यासाठी आधी इथल्या कॉलेजच्या पूर्वतयारीच्या वर्षाला प्रवेश हवा, आणि त्याची परीक्षा पुढच्या गुरुवारी. नापास झाली तर पुढची संधी उन्हाळ्यात, पण तिच्या व्हिसाची मुदत त्याआधीच संपत होती. म्हणजे एकच डाव होता आणि घरादाराचं लक्ष त्याच्यावर होतं. निघताना तिला विमानतळावर सोडायला गिझाचेव स्वतः बस घेऊन गेला, प्रवाशांसकट. प्रवाशांनी आधी आरडाओरडा केला आणि नंतर खाली उतरून तिला आशीर्वाद दिले.

ती येऊन तिसरा दिवस असेल, तेव्हा तिच्या मामाचा, लेगेसेचा, मला फोन आला. लेगेसे माझा शाळेतला वर्गमित्र, त्याच्याच शब्दाखातर मी मुलीची जबाबदारी घेतली होती. गिझाचेव बस डेपोत चहा पीत बसला होता, पेला खाली ठेवला आणि बाकावरच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबला नाही. लेगेसे हुंदके देत बोलत होता आणि पुढचं वाक्य मात्र अगदी कोरड्या आवाजात म्हणाला. परीक्षा होईपर्यंत तिच्या कानावर काही जाता कामा नये. परीक्षा झाली की तुम्ही चार माणसं जा आणि तिला मर्दो सांगा.

मरणाची बातमी आमच्यात फोनवरून सांगत नाहीत. परमुलखात असलेल्याला तर कधीच नाही. तिथली आपली माणसं गोळा होतात, पहाटे त्याच्या दारी जातात, तो घराबाहेर पडायच्या आत. त्याला बसवतात, दोन्ही बाजूंनी धरतात आणि मग सांगतात. तो मर्दो. तीस वर्षांत या शहरात मी किती दारांशी अशी उभी राहिले असेन, माझ्याही दाराशी माणसं अशीच दोनदा येऊन गेलीत. पहाटे बेल वाजली आणि दारात आपलीच दोन-चार तोंडं दिसली, की आमच्यातला माणूस का आलात असं विचारत नाही.

मी लेगेसेला म्हणाले, अरे, मला हे जमायचं नाही, मी विमानं पुसणारी बाई आहे, नाटकात काम करणारी नाही. तो म्हणाला, बहीण रोज संध्याकाळी पोरीशी फोनवर बोलणार आहे, ती करेलच ना? नवऱ्याला मातीत ठेवून आलेली बाई रोज लेकीला विचारणार होती की जेवलीस का, थंडी वाजते का.

पुढचा आठवडा मी आठवूही नये असं मला वाटतं. पोरीचे ते पहिले दिवस, तिला सगळं नवं, आणि मी ती बातमी दडवून तिच्याबरोबर फिरतेय. नगर कचेरीत पत्ता नोंदवायला गेलो, तर आतून हाक आली, “फ्राउ गिझाचेव!” म्हणजे गिझाचेवबाई. ती मागे वळून बघायला लागली. मग हसली आणि माझ्या दंडाला धरून, आमच्यात थोरल्या बाईला म्हणतात तसं एत्ये लावून म्हणाली, “एत्ये वैनशेत, इथे सगळे मला बाबांच्या नावानंच हाका मारणार का?” मी म्हटलं हो. बँकेत तेच, भाषेच्या वर्गात तेच. जिथे जाऊ तिथे कुणीतरी त्या मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं पुकारायचं आणि ती तरातरा पुढे जायची. बाबा माझ्यासोबत फुकटात जर्मनी बघतायत, असं तिनं मला दोन-तीनदा तरी ऐकवलं.

बापाचा फोन मात्र लागत नव्हता. लेगेसेनं सांगून ठेवलं होतं की फोन पाण्यात पडला. मग तो देस्येला दुरुस्तीला दिला, मग बसच तिकडे अडकली. मी त्यावर माझी भर घातली, की घाटात दरड कोसळली आहे. खोटं बोलताना माणूस किती कामाला लागतो. रविवारी दुकानं बंद होती म्हणून मी तिला माझ्या घरी नेलं, शिरो, आमचं पिठलं, करून वाढला. इंजेऱ्याचा, आमच्या आंबोळीचा, तुकडा हातात धरून ती एकदम म्हणाली, “आई हल्ली फोनवर बाबांचं नावच घेत नाही. पूर्वी प्रत्येक वाक्यात त्यांची तक्रार असायची.” मी शेगडीकडे तोंड करून म्हटलं, भांडण झालं असेल. ती बरं म्हणाली आणि जेवली. त्यानंतर तिनं बापाचा विषय काढला नाही. मला वाटलं, चला, अभ्यासाला लागली. देवाचे आभारसुद्धा मानले मी, इतकी मी बावळट.

दिवसा उजेडी ती बरी असायची. पण जानेवारीतला उजेड तो केवढा, चारनंतर दिवे लावावे लागतात. तिच्या खोलीत पलंग, टेबल आणि बापानं दिलेली भाजलेल्या जवाची पिशवी एवढंच होतं. शेजारच्या खोलीतल्यानं पहिल्याच दिवशी दारावर चिठ्ठी लावली होती, फोनवर हळू बोलावं म्हणून. तेव्हापासून ती आईशी कुजबुजत बोलायची. आणि कुजबुजीत रडू लपवणं आईलाही सोपं गेलं असेल.

बुधवारी टॅक्सीवाला हाब्तामू भेटला. त्याला आणि त्याच्या बायकोला, फंतायेला, सगळं ठाऊक होतं, आमच्यात असल्या गोष्टी ठाऊक नसणारा कुणी नसतो, ज्याची गोष्ट तो सोडून. तो म्हणाला, परीक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रामनं पोरगी थिजून जाईल, मी गाडीनं सोडतो. फंताये म्हणाली, मी घरचा पाव, डाबो, भाजते, उपाशीपोटी कुठे पाठवता तिला. मी म्हटलं मीही येते, थर्मासमध्ये चहा घेते. परीक्षा आठला, म्हणून सहाला तिच्या दारी पोचायचं ठरलं. तिला कळवलं नाही, म्हटलं पोर खूश होईल. बापाचं छत्र गेलेल्या पोरीला निदान त्या दिवशी एकटं वाटू नये, एवढंच आमच्या मनात होतं. हाब्तामूची रात्रपाळी पाचला संपते, मी विमानांच्या कामाला रोज चारला उठते. पहाट आमच्यासाठी कामाची वेळ होऊन गेली होती. या देशानं आमचं हेसुद्धा घेतलं, हे आम्हाला कळलं नव्हतं.

अंधार होता, बारीक बर्फ पडत होता. फंताये आणि मी नेतेला, आमच्या सुती शाली, डोक्यावरून ओढून घेतलेल्या, पांढऱ्या, नेहमी घेतो तशाच. फंतायेनं डाबोचं गाठोडं पोटाशी धरलेलं. मी बेल वाजवली. गिझाचेव.

तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला, खिडकी उघडली आणि मेस्तावेतनं खाली पाहिलं. हाब्तामूनं टोपी काढली. मोठ्या आदबीचा माणूस, कुणी समोर आलं की टोपी काढतोच.

ती बघत राहिली. आधी हाब्तामूकडे, मग फंतायेकडे, मग माझ्याकडे. मी हात वर करून हसायला गेले आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पहाटे बेल वाजवून आम्ही काय करून बसलोय. मी हात खाली घेतला. फंताये म्हणाली, “वैनशेत, बोल ना काहीतरी.” खिडकी बंद झाली.

आम्ही किती वेळ तिथे उभे होतो कोण जाणे. मी पुन्हा बेल वाजवायला बोट उचललं आणि त्या नावावर ते ठेवायचा मला धीर होईना. मग दार आपणच उघडलं. ती तयार होऊन आली होती, कोट, टोपी, पाठीला पिशवी. चेहरा धुतलेला.

“आम्ही डाबो आणलाय गं,” फंताये म्हणाली. “तुला सोडायला आलोय फक्त.”

“हो,” ती म्हणाली. “चला, उशीर होईल.”

गाडीत तिनं डाबोचा तुकडा घेतला आणि मुठीत धरून ठेवला. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण जवळ घेतलं तर तोच मर्दो झाला असता, म्हणून मी माझे हात मांडीखाली दाबून बसले. कॉलेजच्या दारात एक बाई कागद घेऊन नावं पुकारत होती. “गिझाचेव,” ती म्हणाली. पोरगी जागची हलली नाही. बाईनं मान वर करून पुन्हा पुकारलं. मग मेस्तावेतनं हात वर केला आणि आत गेली.

पहिली बाहेर आली तीच. परीक्षा अर्धीही झाली नसेल. हाब्तामू घाईघाईनं पुढे गेला, विचारायला की बरं वाटत नाही का, आत परत सोडतील का, मी बोलू का त्यांच्याशी. तिनं मान हलवली. कागदावर नाव लिहायचं होतं म्हणे, ते लिहून झालं, पुढे हात चाललाच नाही. कोरा पेपर बाईच्या हाती देऊन आली होती. तर्माबेरचा घाट तिथेच संपला. मार्चमध्ये ती परत गेली, आणि आता देब्रे बिरहानच्या बस डेपोत तिकिटं फाडते असं लेगेसे सांगतो. पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही तिला माझ्या घरी आणलं, रीतीप्रमाणे बसवलं. फंताये एका बाजूला, मी दुसऱ्या. मी तोंड उघडलं आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“मला रविवारीच कळलं होतं, एत्ये. आई बाबांना शिव्या देईना तेव्हाच. पण कुणी पहाटे येईना. मग मी ठरवलं, जोवर कुणी येत नाही तोवर बाबा देस्येला अडकलेत. गुरुवार दुपारपर्यंत मला एवढंच धरून ठेवायचं होतं.” ती रागावलेली नव्हती, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. “तुम्ही दुपारी यायला हवं होतं.”

मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले. सांगायला गेलेली मी, आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नाही. मग तिनं फोन मागितला. तिच्या फोनमध्ये पैसे नव्हते, म्हणून माझा दिला. तिकडे आईनं उचलला, लेकीचा आवाज ऐकला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. जेवलीस का गं, पेपर कसा गेला, थंडी फार आहे का.

“आई,” मेस्तावेत म्हणाली, “माझ्याकडे माणसं येऊन गेली. मला सांगितलंय. आता तू रड.”

तिकडून तो आवाज आला, आठवडाभर त्या बाईनं गिळून ठेवलेला. मेस्तावेतनं फोन कानाला घट्ट धरला आणि ऐकत बसली.