अंबाड्यातला आकडा

एसटी सुटताना आईने हात हलवला नाही. नवी नवरी मी, कल्याणपुढच्या दिव्याला सासरी निघालेली. बसायच्या गडबडीत माझा अंबाडा सुटला. आईने आपल्या अंबाड्यातला तारेचा आकडा उपसला आणि खिडकीतून माझ्या केसांत खोचला. "डोकं सांभाळ गं पोरी." गाडी हलली, तिचा अंबाडा सुटला, दोन्ही हात केसांत अडकले. आणि मी शहाणी कल्याणपर्यंत फुगून बसले, की हिला साधा हात हलवायचीही सवड नाही!

दिव्यात त्या आकड्याने केसांपेक्षा मोरीची तुंबलेली जाळीच जास्त सांभाळली. पुढे आम्ही नौपाड्यात आलो, मी केस कापले, आकडा शिवणाच्या डब्यात गेला.

गावाकडचे तुम्ही फोनवर एकच विचारता: पडल्यापासून आई तुझ्याकडे आहे, पण रमली का? खरं सांगू? नव्हती. पलंगाखाली पिशवी भरलेलीच. पाणीसुद्धा पाहुण्यासारखं विचारून प्यायची. परवा म्हणाली, "आकडे आण गं, माझे गंजले." दुकानातल्या मुलीला कळेना. मी डोक्यामागे बोटं वाकवून दाखवली, तेव्हा म्हणाली, "काकी, यू-पिन बोला ना!"

मला बिचाऱ्या शब्दाचाच कळवळा आला. घरी येऊन सासऱ्यांचा जुना संस्कृत कोश काढला. आकड्याचं मूळ निघालं 'अंक', म्हणजे बाक, वाकडेपणा. आणि त्याच अंकाचा आणखी एक अर्थ: बाईच्या कमरेवरचा तो बाक, जिथे ती मूल घेते. कड! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कुण्या काळी कुणी बाई मूल कडेवर घेऊन उभी असेल. तिच्या कमरेचा तो बाक या शब्दात राहिला, आणि फिरत फिरत माझ्या मोरीच्या जाळीपर्यंत आला!

आईला वाचून दाखवलं. ती हसली. "त्याला पुस्तक कशाला? कडंवर घेतली की तू माझा आकडाच उपसायचीस. सासूबाई म्हणायच्या, पोरगी न्हाई, माकडीण हाय."

मी डब्यातला तो आकडा तिच्या हातात ठेवला.

"अजून ठेवलायस व्हय!" कितीतरी वेळ ती तो बोटांत फिरवत राहिली. मोरीच्या जाळीचं मात्र मी पोटातच ठेवलं.

सकाळी बेसिनवर आमच्या ब्रशांच्या गर्दीत तिचे आकडे पडलेले, जुना त्यांच्यातच. पलंगाखालची पिशवी रिकामी. घर म्हणजे काय, असं आता मला विचाराल, तर एवढंच सांगेन: माणूस आपले आकडे जिथे बिनघोर टाकून जातं, ती जागा. मी ते उचलले नाहीत.